एक लक्षण, दोन दोष: फोटो स्टुडिओतल्या हार्डडिस्कचं प्रकरण

लग्नसराई ऐन भरात होती. कऱ्हाडचे एक फोटोग्राफर काका टॉवेलात गुंडाळलेली हार्डडिस्क घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. दोन्ही हातांनी ती टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "सहा लग्नं आहेत हिच्यात. दोन साखरपुडे. कार्डं पुसून झालीत."

म्हणजे दुसरी प्रत कुठेच नव्हती. डिस्क ४ टीबीची, साडेतीन इंची, वॉरंटी संपून काही महिने झालेले. तक्रार अशी, की काम करता करता मशीन हँग होतं, अर्ध्या मिनिटानं सुटतं, आणि कधी कधी डिस्क दिसेनाशीच होते. "चालत असती, चालत असती, आणि मधनंच गप होती," काका सांगत होते. "बंद करून चालू केलं की परत हजर. दिवसातनं चार-चार वेळा." आधी एका ठिकाणी दाखवली होती. तिथं "बॅड सेक्टर आलेत, फॉरमॅट मारून बघू" असं सांगितलं. काकांनी टॉवेल परत गुंडाळला आणि तिथून निघाले. या प्रकरणात सगळ्यांत शहाणपणाचं काम कुणी केलं असेल तर ते काकांनी, आणि तेही माझ्याकडे येण्याआधी.

मी त्यांना परत घरी पाठवलं. कॅबिनेट आणायला. नुसती डिस्क पाहून अर्धीच गोष्ट कळते. ती कुठल्या केबलला होती, कुठल्या एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चालत होती, शेजारी काय जोडलेलं होतं, हे पाहिल्याशिवाय डिस्कला दोषी ठरवणं मला पटत नाही. ते कॅबिनेट आणेपर्यंत मी डिस्क माझ्या मशीनला लावून फक्त स्मार्टची नोंद वाचली. हार्डडिस्क स्वतःच्या प्रकृतीची वही स्वतःच ठेवते, तिलाच स्मार्ट म्हणतात. त्यातले चार आकडे मी आधी पाहतो. क्रमांक ५, म्हणजे खराब होऊन बदललेले सेक्टर (डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीवरचे माहितीचे छोटे कप्पे). १९७, म्हणजे वाचता न आल्यामुळे संशयित म्हणून बाजूला टाकलेले. १९८, म्हणजे डिस्कनं स्वतः तपासणी केली तरी न सुधारलेले. हे तिन्ही शून्य होते. बॅड सेक्टर एकही नव्हता. चौथा आकडा १९९ चा. तो १,८४३ होता.

या १९९ विषयी थोडं थांबून सांगायला हवं, कारण तो बघितला जात नाही आणि चांगल्या डिस्क भंगारात जातात. डिस्क आणि मदरबोर्ड यांना जोडणाऱ्या साटा केबलमधून माहितीचा प्रत्येक तुकडा जाताना त्याच्यासोबत सीआरसी नावाची पडताळणीची संख्या जाते. पलीकडे पोचल्यावर ती जुळली नाही तर तुकडा पुन्हा मागवला जातो आणि १९९ च्या खात्यात एकाची भर पडते. हा हिशेब वाटेतल्या बिघाडाचा आहे, तबकडीच्या बिघाडाचा नाही. हा आकडा फक्त वाढतो, केबल बदलली म्हणून तो शून्यावर येत नाही. त्यामुळे एकदा पाहून काहीच ठरवता येत नाही, आज किती आणि उद्या किती ते पाहावं लागतं.

काका कॅबिनेट घेऊन आले. बाजूचा पत्रा काढला आणि साटा केबल हातात घेतली. पत्रा बंद करताना ती दरवेळी त्याच्याखाली दाबली जात असणार, मधोमध तिला टोकदार घडी पडलेली होती. डिस्कच्या बाजूचं टोक बिनक्लिपचं, बोटानं हलवलं तरी डुलणारं. माझ्या मशीनवर एका तासात १९९ जागचा हलला नव्हता. त्यांच्या कॅबिनेटमध्ये त्याच केबलवर एका तासात ३८ नं वाढला. नवी क्लिपवाली केबल लावली, आकडा थांबला.

वीजही पाहिली. डिस्कची मोटर सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेतून दोनेक अँपिअर ओढते, आणि एसएमपीएस दमलेला असेल तर तिथेच डिस्क गचके खाते. १२ व्होल्टच्या तारेला पाच टक्के इकडे-तिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. भार देऊन मोजलं तेव्हा मल्टिमीटरनं ११.८७ दाखवले. एसएमपीएस ठीक होता.

मग प्रत काढायला घेतली. दुरुस्ती नंतर, माहिती आधी. काकांना तेवढ्याच क्षमतेची नवी डिस्क आणायला लावली, विंडोजऐवजी लिनक्स या दुसऱ्या प्रणालीच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं आणि डीडीरेस्क्यूनं अख्ख्या डिस्कची सेक्टरमागून सेक्टर नक्कल सुरू केली. हा प्रोग्रॅम कुठवर वाचलं याचा नकाशा एका फाइलीत ठेवत जातो. मध्ये डिस्क गळाली तरी जिथं थांबला तिथून पुढे सुरू करता येतं. सुरू करण्याआधी मी जुन्या डिस्कला लाल चिकटपट्टी लावतो आणि दोन्ही डिस्कच्या सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं पडद्याशी जुळवून मोठ्यानं वाचतो. स्रोत आणि लक्ष्य यांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि मग सहा लग्नं कुणालाच परत आणता येत नाहीत.

साडेनऊ तास लागले. एकही चूक नाही, एकदाही डिस्क गळाली नाही.

इथे माझी चूक झाली. १९९ थांबला होता, नक्कल निर्वेध निघाली होती, तबकड्या निरोगी होत्या. दोष केबलचा होता असं मी ठरवून टाकलं. नवी डिस्क प्रत म्हणून बाजूला ठेवली, जुनी परत कॅबिनेटमध्ये बसवून काकांना दिली. एवढं मात्र बजावलं, की आठवडाभर कुठलंही कार्ड पुसायचं नाही.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "हळदीचे फोटो उतरवत होतो बघ. परत गप झाली."

केबल खराब होती यात शंका नव्हती. पण तिच्याआड दुसरा दोष बसलेला होता आणि दोघांचं लक्षण एकच होतं. पहिला सापडला म्हणून मी शोध थांबवला होता. आता काकांच्या विंडोजमधला इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे मशीनमधल्या घडामोडींची नोंदवही, उघडला, जो मी पहिल्याच दिवशी उघडायला हवा होता. सिस्टीमच्या नोंदींत १२९ क्रमांकाचा इशारा पुन्हा पुन्हा आलेला होता. त्याचा अर्थ असा, की डिस्कला आज्ञा दिली, उत्तर आलं नाही, म्हणून तिला रीसेट केलं. केबल बदलल्यानंतरच्या तीन दिवसांत अशा ११ नोंदी होत्या. त्याच तीन दिवसांत १९९ एकानंही वाढला नव्हता. वाट मोकळी असूनही घरातून उत्तर येत नव्हतं.

पण मग रात्रभर चाललेल्या नकलेच्या वेळी ती एकदाही का अडखळली नाही? दिवसातून चार वेळा रुसणारी डिस्क साडेनऊ तास सलग वाचली गेली होती. चहा घेताना हाच प्रश्न डोक्यात होता आणि तिथंच उलगडा झाला. डीडीरेस्क्यू मी थेट वाचनाच्या पद्धतीनं चालवला होता. तो एक तुकडा मागतो, तो आला की पुढचा. काकांच्या मशीनमध्ये तसं होत नाही. एकीकडे कार्डावरून फोटो उतरत असतात, दुसरीकडे त्यांचे छोटे नमुने तयार होत असतात, तिसरीकडे व्हिडिओचा प्रोग्रॅम दोन-तीन कॅमेऱ्यांच्या फाइली एकदम वाचत असतो. डिस्कपुढे आज्ञांची रांग लागते.

या रांगेची व्यवस्था पाहणाऱ्या सोयीला एनसीक्यू म्हणतात. पोस्टमन पत्रं ज्या क्रमानं हातात आली त्या क्रमानं वाटत नाही. गल्लीवार लावून घेतो आणि एका फेरीत उरकतो. डिस्कही तेच करते. ३२ पर्यंत आज्ञा एकदम घेते, वाचणारं-लिहिणारं डोकं आत्ता कुठं आहे आणि तबकडी फिरून कोणता भाग आधी येणार ते पाहते आणि आपल्या सोयीनं क्रम लावते. मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेणाऱ्या तबकडीला एका फेरीला ८.३ मिलिसेकंद लागतात. क्रम चांगला लागला तर अशा कितीतरी फेऱ्या वाचतात. हा क्रम लावणारा, कोणती आज्ञा झाली आणि कोणती राहिली याचा हिशेब ठेवणारा जो प्रोग्रॅम डिस्कच्या आत असतो, तोच फर्मवेअर. त्याचा हिशेब चुकला तर एखादी आज्ञा रांगेत तशीच राहते, मशीन वाट पाहत बसतं आणि शेवटी डिस्कला हलवून जागं करतं. काकांच्या भाषेत, डिस्क गप होते.

अंदाज बांधणं सोपं होतं, तो तपासायला एक अख्खा दिवस गेला. लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कच्या नावाखाली रांगेची लांबी ठरवणारी एक फाइल असते. तिच्यात १ लिहिलं की एनसीक्यू बंद पडतं. तसं करून डिस्कवर एकाच वेळी चार ठिकाणी वाचणं-लिहिणं चालू ठेवलं. सहा तास काहीही झालं नाही. मग रांग पूर्ण लांबीची केली. १८ व्या मिनिटाला पडदा थबकला, आणि कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, नोंदीत ओळी उतरल्या: रांगेतून लिहिण्याची आज्ञा फसली, पोर्ट गोठलं, दुवा जबरदस्तीनं रीसेट केला. लिनक्स एका आज्ञेसाठी ३० सेकंद थांबतं, म्हणून पडदा थबकल्यापासून नोंद उमटेपर्यंत मला घड्याळाकडे बघत बसावं लागलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा शांतता. पुन्हा चालू केलं, या वेळी ४० मिनिटांत तेच. मग दुसऱ्या मदरबोर्डवर नेली, तिथंही तेच. काकांच्या कॅबिनेटमध्ये त्याच पोर्टला, त्याच केबलला वेगळ्या कंपनीची डिस्क लावून तोच भार दिला, ती रात्रभर चालली. दोष डिस्कसोबत फिरत होता आणि रांगेसोबत उठत होता. फर्मवेअरचं नाव मी आत्ता कुठे घेतलं.

याआधी घेतलं असतं तर? पुष्कळजण तसंच करतात. डिस्क दगा देतेय असं वाटलं की कंपनीच्या साइटवरून काहीतरी उतरवून त्यावर चढवतात. मला याची मनापासून भीती वाटते, आणि भीतीला कारण आहे. फर्मवेअरचा छोटा भाग डिस्कखालच्या हिरव्या पट्टीवरच्या चिपमध्ये असतो. बराचसा भाग तबकडीवरच, एका राखीव जागेत, जिथं आपली विंडोज कधी पोचत नाही. वीज आली की चिपमधला भाग मोटर फिरवतो, डोकं तबकडीवर नेतो, उरलेला प्रोग्रॅम वाचून घेतो आणि मगच डिस्क "मी तयार आहे" म्हणते. यातला कुठलाही दुवा तुटला की तबकडीवर सगळे फोटो जसेच्या तसे असताना डिस्क बाहेरच्या जगाशी बोलतच नाही. याच कारणानं हल्लीच्या डिस्कची नुसती पट्टी दुसऱ्या डिस्कची लावून भागत नाही. चिपमध्ये त्या एका डिस्कच्या डोक्यांची मोजमापं लिहिलेली असतात.

२००९ च्या जानेवारीत सीगेटच्या बाराकुडा ७२००.११ या मालिकेचं जे झालं ते या व्यवसायातल्या जुन्या माणसांना अजून आठवतं. डिस्क आपल्या घडामोडींची एक नोंदवही ठेवत होती. ती नोंदवही एका विशिष्ट ओळीवर असताना वीज जाऊन आली की फर्मवेअर सुरुवातीलाच अडकायचा आणि डिस्क मशीनला दिसायचीच नाही. माहिती शाबूत, पण दार बंद. कंपनीनं सुधारित फर्मवेअर काढला, आणि ५०० जीबीच्या मॉडेलसाठी आलेला पहिला फर्मवेअर चढवल्यावर काही चालू डिस्कही बंद पडल्या. तो मागे घेऊन नवा द्यावा लागला. औषधच बाधलं. म्हणून प्रत काढून, तपासून, दुसऱ्या जागी ठेवल्याशिवाय मी फर्मवेअरला हात लावत नाही, कुणी कितीही घाई केली तरी.

फर्मवेअरकडे दुर्लक्ष करणंही तितकंच महागात पडतं. क्रुशियलच्या एम४ या एसएसडी (तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती ठेवणाऱ्या डिस्क) ५,१८४ तास चालल्यावर, म्हणजे सलग चालू ठेवल्यास २१६ दिवसांनी, प्रतिसाद द्यायच्या बंद व्हायच्या. २०१२ च्या जानेवारीत फर्मवेअर बदलून ते सुटलं. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझनं २०१९ च्या नोव्हेंबरात आपल्या काही एसएसडींबद्दल इशारा दिला, की ३२,७६८ तास पूर्ण होताच त्या निकामी होतील आणि त्यातली माहिती परत मिळणार नाही. तीन वर्षं, २७० दिवस, आठ तास. अधिक-उणे चिन्हासह १६ बिटांत साठवलेल्या आकड्यात ३२,७६७ च्या पुढे मोजता येत नाही, हे माहीत असलेल्याला तो आकडा वाचताच अंगावर काटा येतो. एकाच दिवशी सुरू केलेल्या चार डिस्क एकाच तासाला जाणार. एकीवर दुसरीची प्रत ठेवून काय उपयोग?

काकांच्या प्रकरणाकडे येतो. डिस्कच्या लेबलवर मॉडेल, सीरियल नंबर, पार्ट नंबर आणि फर्मवेअरचा क्रमांक छापलेला होता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या एकाच मॉडेलच्या डिस्कमध्ये पार्ट नंबर वेगळा असला की फर्मवेअरही वेगळा असू शकतो. म्हणून शेजाऱ्याच्या डिस्कला चाललेली फाइल आपल्याला चालेल असं धरायचं नाही. उत्पादकाच्या स्वतःच्या साइटवर सीरियल नंबर टाकला. या डिस्कसाठी नवा फर्मवेअर उपलब्ध होता, आणि त्याच्या टिपणात रांगेतल्या आज्ञा वेळेत पूर्ण न होण्याची दुरुस्ती लिहिलेली होती. हे वाक्य तिथं नसतं तर मी तो चढवला नसता. वॉरंटी शिल्लक असती तरीही चढवला नसता, डिस्क बदलून मागितली असती.

आधी नव्या प्रतीची पडताळणी. काकांनी तीन दिवसांत टाकलेलं नवं काम तिच्यावर उतरवलं, दोन्ही डिस्कवरच्या प्रत्येक फाइलीचा चेकसम, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या, काढून जुळवला. त्याला एक रात्र गेली. सकाळी काकांना बसवून प्रत्येक लग्नातली एकेक फाइल नव्या डिस्कवरून उघडून दाखवली. अक्षता पडत असतानाचा एक व्हिडिओ त्यांनी पूर्ण पाहिला, मधे काही बोलले नाहीत.

मग यूपीएस. चार्ज दाखवतोय म्हणून विश्वास ठेवला नाही. भिंतीवरचं बटण बंद करून मशीन त्यावर २० मिनिटं चालवलं. त्या मशीनमधली बाकी प्रत्येक डिस्क काढून ठेवली. जुनी डिस्क थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडली. यूएसबीच्या डबीतून हे काम करू नये, फर्मवेअर चढवण्याची आज्ञा डबीतल्या चिपमधून पलीकडे पोचेलच असं नाही. कंपनीनं दिलेल्या पेनड्राइव्हवरून बूट केलं. पडद्यावर मॉडेल आलं, जुना फर्मवेअर आला, नवा आला. तिन्ही लेबलशी आणि टिपणाशी जुळवले आणि होकार दिला.

मी डिस्कच्या कडेला तळहात टेकवून बसलो होतो. पडद्यापेक्षा हाताला आधी कळतं. थोडा वेळ नेहमीची बारीक थरथर. मग डोकं बाजूला गेल्याचा एक टक् आवाज, आणि थरथर विरत विरत थांबली. तबकड्या थांबल्या होत्या. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग हाताखाली मोटर पुन्हा उचलली, आवाज चढत गेला, टक् झालं आणि पडद्यावर ओळ आली. एकूण दोन मिनिटंही लागली नाहीत.

एवढ्यावर झालं असं समजायचं नाही. मशीन पूर्ण बंद केलं, वीज काढली, मिनिटभर थांबून पुन्हा सुरू केलं, कारण नवा फर्मवेअर खरा कामाला लागला की नाही ते थंड सुरुवातीलाच कळतं. डिस्कनं स्वतःच्या ओळखीत नवा क्रमांक सांगितला. हा पुरावाही दरवेळी मिळतोच असं नाही. सॅमसंगच्या एफ४ मालिकेतल्या २ टीबीच्या डिस्कमध्ये २०१० साली दोष सापडला होता. रांगेतून लिहिणं चालू असताना कुणी डिस्कची ओळख विचारली तर लिहिलं जाणारं हरवायचं, आणि प्रकृती तपासणारे प्रोग्रॅम नेमकी तीच ओळख विचारत असत. दुरुस्ती आली, पण फर्मवेअरचा क्रमांक जुनाच ठेवलेला. दुरुस्त डिस्क आणि नादुरुस्त डिस्क बाहेरून ओळखता येईना. तेव्हापासून चढवल्याची तारीख मी मार्करनं डिस्कवरच लिहितो. काकांच्या डिस्कवरही लिहिली.

मग पुन्हा तोच भार, रांग पूर्ण लांबीची. १८ मिनिटं गेली, ४० गेली, रात्र गेली. ४८ तासांत एकही रीसेट नाही. त्यानंतर डिस्कची स्वतःची लांब तपासणी लावली, तिला आठ तासांवर वेळ लागला, निर्दोष निघाली.

"मग आता हीच लावू ना?" काकांनी विचारलं. मी नाही म्हटलं. कामाला नवी डिस्क लावली आणि जुनी रोज रात्री प्रत घेण्यासाठी ठेवली. दुरुस्त झालेल्या डिस्कवर माझा राग नाही, पण तिनं एकदा आज्ञा हरवल्या आहेत आणि लग्न दुसऱ्यांदा लागत नाही. तिसरी प्रत काकांनी स्वतःहून काढली. एक बाहेरची डिस्क दर महिन्याला भरते आणि विट्याला त्यांच्या लेकीच्या घरी कपाटात जाते.

पाच महिन्यांनी प्रिंटरच्या कामासाठी त्यांच्या स्टुडिओत गेलो होतो, तेव्हा इव्हेंट व्ह्यूअर उघडून पाहिला. १२९ ची नोंद एकही नव्हती. जुन्या डिस्कचा १९९ जिथं केबल बदलताना सोडला होता तिथंच, १,८८१ वर उभा होता.